तिसऱ्या फेरीचं भाडं

लंडनच्या दुसऱ्या झोनमध्ये राहणारा आणि पहिल्या झोनमध्ये नोकरी करणारा माणूस आठवड्यातले पाच दिवस भुयारी रेल्वेनं जातो-येतो. मार्च २०२५ मध्ये लागू झालेल्या दरांनुसार गर्दीच्या वेळी या प्रवासाचं एकेरी भाडं ३.५० पौंड होतं, म्हणजे दहा फेऱ्यांचे झाले ३५ पौंड. याच दोन झोनांचा सात दिवसांचा पास मात्र ४४.७० पौंडांना होता. महिन्याचा पास आठवड्याच्या ३.८४ पट, म्हणजे १७१.७० पौंड; महिन्यात बावीस दिवस कामाचे धरले तरी सुट्या फेऱ्यांचे १५४ पौंडच होतात. वर्षाचा पास चाळीस आठवड्यांच्या भावात मिळतो, १,७८८ पौंडांना. रजा आणि सणवार वजा जाता शेहेचाळीस आठवडे कामावर गेलात, तर सुट्या फेऱ्यांचा खर्च १,६१० पौंड. तिन्ही हिशेबांत पास महाग पडला.

मुंबईच्या माणसाला हे पटायला वेळ लागेल. लोकलचा दुसऱ्या वर्गाचा महिन्याचा पास ढोबळमानानं पंधरा एकेरी फेऱ्यांच्या भाड्यावर बेतलेला आहे. आठ दिवस कामावर गेलं की तो वसूल, उरलेला महिना फुकट. तीन महिन्यांचा पास मासिकाच्या २.७ पट, सहा महिन्यांचा ५.४ पट, वर्षाचा १०.८ पट. इथे कुणी पासाची आकडेमोड करत बसत नाही. नोकरी लागली की पास काढायचा, एवढंच मुंबईकराला माहीत असतं. त्यामुळे मुंबईहून लंडनला गेलेली मराठी मंडळी पहिल्या आठवड्यात पास शोधतात आणि तो काढून मोकळी होतात. रोज नुसतं ऑफिसला जाऊन घरी येणाऱ्यानं तिथे पास काढणं म्हणजे दर आठवड्याला जवळपास दहा पौंड जास्त मोजणं, हे कुणी सांगितल्याशिवाय ध्यानात येत नाही.

मग लंडनचा पास आहे कुणासाठी? या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला त्या शहराच्या भाडेपद्धतीतली सगळ्यात चांगली गोष्ट सापडली, आणि तिच्यापुढे मुंबईत आपण काय करत नाही आहोत तेही दिसलं. पण आधी झोन.

लंडनच्या नकाशावर भाड्याची वर्तुळं एकात एक आखलेली आहेत. मधोमध पहिला झोन: वेस्टमिन्स्टर, ऑक्सफर्ड सर्कस, किंग्ज क्रॉस, बँक. त्याभोवती दुसरा, मग तिसरा, असं करत सहाव्यापर्यंत. हीथ्रो विमानतळ सहाव्यात येतो. मेट्रोपॉलिटन मार्गाची वायव्येकडची टोकं त्याच्याही पलीकडे, अ‍ॅमरशॅम तर नवव्या झोनमध्ये. भाडं किलोमीटरवर ठरत नाही. तुम्ही कोणकोणत्या झोनांतून गेलात आणि कोणत्या वेळी गेलात, यावर ठरतं. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी चार ते सात ही गर्दीची वेळ. बाकीच्या वेळी पहिल्या-दुसऱ्या झोनमधलं ३.५० चं भाडं २०२५ च्या त्याच दरांत २.९० वर येत होतं. संध्याकाळच्या गर्दीतही बाहेरच्या झोनमधून पहिल्या झोनमध्ये येणाऱ्याला कमी दरच लागतो, कारण तो गर्दीच्या उलट दिशेनं येत असतो. ही सवलत कुठे मोठ्या अक्षरांत लिहिलेली दिसत नाही, पण मिळते आपोआप.

ही वर्तुळं एखाद्या अधिकाऱ्यानं शांतपणे टेबलावर बसून आखली असं नाही. त्यांच्यामागे राजकीय लढाई आहे. मे १९८१ मध्ये ग्रेटर लंडन कौन्सिलची सत्ता मजूर पक्षाकडे आली आणि केन लिव्हिंगस्टन नेते झाले. भाडी पंचवीस टक्क्यांनी उतरवू, असं पक्षाच्या जाहीरनाम्यात होतं. ऑक्टोबर १९८१ मध्ये भाडी प्रत्यक्षात त्याहूनही जास्त उतरली आणि त्याच वेळी मध्य लंडनमध्ये झोनांची सुरुवात झाली. तूट भरून काढायला शहरातल्या सगळ्या भागांकडून जादा कर घ्यायचं ठरलं. तिथे ठिणगी पडली. आग्नेय लंडनच्या ब्रॉम्ली भागात भुयारी रेल्वेचं एकही स्टेशन नव्हतं, आजही नाही. आम्हाला जी गाडी मिळत नाही तिच्या स्वस्ताईचा भार आम्ही का उचलायचा, असं म्हणत ब्रॉम्लीची कौन्सिल न्यायालयात गेली. प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोचलं. १७ डिसेंबर १९८१ रोजी तिथल्या न्यायाधीशांनी एकमतानं निकाल दिला, की ही भाडेकपात बेकायदा आहे. २१ मार्च १९८२ ला भाडी जवळपास दुप्पट झाली. गाड्यांमधले प्रवासी घटले, रस्त्यांवर मोटारी वाढल्या.

कौन्सिलनं हार मानली नाही. कायद्याच्या चौकटीत बसेल असा आराखडा पुन्हा मांडला, आणि २२ मे १९८३ ला भाडी पंचवीस टक्क्यांनी उतरली. सगळ्या लंडनचे पाच झोन झाले (सहावा १९९१ मध्ये, पाचव्यातून कापून काढलेला) आणि ट्रॅव्हलकार्ड नावाचा पास आला. भुयारी रेल्वे आणि बस या दोन्हींत तो चाले. ब्रिटिश रेल्वेच्या गाड्यांसाठी १९८५ मध्ये कॅपिटलकार्ड आलं आणि १९८९ मध्ये ते ट्रॅव्हलकार्डातच विलीन झालं. ट्रॅव्हलकार्डाचं मोठेपण मला त्याच्या किमतीत वाटत नाही. झोनची हद्द पाळली, की गाडी कुणाच्या मालकीची हा प्रश्न प्रवाशापुढून काढून टाकला गेला, यात ते आहे. भुयारी रेल्वे, उपनगरी गाडी, बस, सगळं एका भाड्यात.

पण पास म्हटला की एक अडचण राहतेच. पैसे आधी भरायचे असतात, आणि पुढचा आठवडा किंवा महिना कसा जाईल याचा अंदाज प्रवाशानं स्वतःच करायचा असतो. ज्याचं काम पक्कं, पगार पक्का, तो करतो अंदाज. ज्याला उद्या काम मिळेल की नाही हे आज माहीत नाही, तो रोज सुटं तिकीट काढतो, आणि महिनाअखेरीस त्याच पल्ल्यासाठी पासवाल्यापेक्षा जास्त पैसे मोजलेले असतात. ज्याच्या हाताशी आगाऊ रक्कम नाही त्यानंच जास्त द्यायचं, असा हा पासांच्या दुनियेतला जुना अन्याय आहे, आणि तो लंडनमध्येही होता, मुंबईतही आहे.

२००३ मध्ये लंडनला ऑयस्टर कार्ड आलं. स्टेशनात शिरताना दाराशी टेकवायचं, बाहेर पडताना पुन्हा टेकवायचं. २००५ पासून त्यावर दिवसाची कमाल मर्यादा लागू झाली. लंडनकर तिला कॅप म्हणतात. दिवसभर कितीही फिरा, ठराविक रकमेपुढे एक पेनीही कापली जाणार नाही. सप्टेंबर २०१४ पासून साधं बँकेचं कार्ड भुयारी रेल्वेत चालू लागलं आणि त्याच्यासोबत सोमवार ते रविवार अशी आठवड्याची कॅपही आली. ऑयस्टरवर ती यायला २०२१ चा सप्टेंबर उजाडावा लागला.

२०२५ च्या त्याच दरांत पहिल्या-दुसऱ्या झोनसाठी दिवसाची कॅप ८.९० पौंड होती आणि आठवड्याची ४४.७०. आता एका साफसफाई करणाऱ्या बाईचा दिवस घेऊ. घर दुसऱ्या झोनमध्ये, काम पहिल्या झोनमधल्या कचेऱ्यांत. पहाटे साडेपाचला निघाली, गर्दीची वेळ सुरू व्हायच्या आत, २.९० पौंड. सकाळी नऊला घरी परतताना ३.५०. मुलांचं आवरलं, दुपारी दोनला दुसऱ्या पाळीसाठी पुन्हा निघाली. नेहमीचं भाडं २.९०, पण कॅपपर्यंत २.५० च उरलेत, म्हणून तेवढेच कापले गेले. रात्री आठला परत येताना काही नाही. चार फेऱ्यांचे एरवी १२.२० झाले असते, तिनं दिले ८.९०. पाच दिवस असं केलं की ४४.५० होतात. शनिवारी काम निघालं तर सगळ्या दिवसाचे मिळून वीस पेन्स कापले जातात. रविवारी मुलांना घेऊन कुठे गेली तर तिला शून्य.

या बाईनं पास काढला नाही, रांगेत उभी राहिली नाही, पुढच्या आठवड्यात किती कामं मिळतील याचा अंदाज केला नाही. तरी तिला आठवड्याच्या पासाचा सगळा फायदा मिळाला. आणि एखाद्या आठवड्यात दोनच दिवस काम मिळालं असतं, तर फक्त दोन दिवसांचे पैसे गेले असते. आधी ठरवून भरण्याच्या जागी, झालेल्या प्रवासाकडे मागे वळून पाहणारा हिशेब आला. सवलतींच्या इतिहासात भाडं किती टक्के उतरलं याचेच गोडवे गायले जातात. मला विचाराल तर ही मागून होणारी बेरीज त्या सगळ्या टक्क्यांपेक्षा मोठी सुधारणा आहे, कारण ती ज्याला गरज आहे त्याच्यापर्यंत अर्ज न करता पोचते. नुसतं ऑफिसला जाऊन येणारा कॅपपर्यंत पोचतच नाही, तो ३५ पौंडांतच थांबतो. कॅप आहे ती दिवसातून तीन-चारदा धावपळ करणाऱ्यांसाठी, आणि पासही खरं तर त्यांच्याचसाठी होता.

तरीही सगळी आकडेमोड यंत्रानं आपल्या शिरावर घेतलेली नाही, आणि जिथे ती प्रवाशावर उरली आहे तिथे माहितगार आणि नवखा यांच्यात पैशांचा फरक पडतो.

पहिली गोष्ट मध्य झोन टाळण्याची. पहिल्या झोनमध्ये तुम्ही उतरला नाहीत, नुसते त्याच्या खालून गेलात, तरी त्याचं भाडं लागतं. डॉलिस हिलचं उदाहरण घेऊ. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू तिथे आहे, त्यामुळे गणपतीत आणि दिवाळीत दूरदूरची मराठी कुटुंबं त्या तिसऱ्या झोनमधल्या स्टेशनावर उतरतात. पूर्व लंडनमधल्या स्ट्रॅटफर्डहून यायचं तर ज्युबिली मार्गाची थेट गाडी आहे. बसल्या जागी यायला मिळतं, पण वाट पहिल्या झोनमधून जाते. दुसरी वाट उत्तरेकडून वळसा घालणाऱ्या ओव्हरग्राउंड गाडीची, जिला नोव्हेंबर २०२४ पासून मिल्डमे मार्ग म्हणतात. तिनं वेस्ट हॅम्पस्टेडला यायचं, स्टेशनाबाहेर पडून रस्त्यानं थोडं चालायचं आणि तिथल्या ज्युबिलीच्या स्टेशनात शिरायचं. दोन्ही ठिकाणी कार्ड टेकवलं की यंत्र हा एकच प्रवास धरतं, दुसऱ्या-तिसऱ्या झोनमधला. स्ट्रॅटफर्ड जानेवारी २०१६ पासून दुसऱ्या आणि तिसऱ्या झोनच्या सीमेवर आहे, आणि अशा सीमेवरच्या स्टेशनांची गणना प्रवाशाच्या फायद्याच्या बाजूनं होते. गर्दीच्या वेळी दोन वाटांच्या भाड्यात दीड पौंडाच्या आसपास फरक पडतो. चौघांचं कुटुंब असेल आणि सगळे मोठे असतील तर जाऊन-येऊन तो मोठा होतो.

काही स्टेशनांत गाडी बदलताना बाहेर पडावंच लागत नाही. मग तुम्ही कोणत्या वाटेनं आलात हे यंत्राला कळणार कसं? त्यासाठी हायबरी अँड इझलिंग्टन, गॉस्पेल ओक, कॅनडा वॉटर अशा ठिकाणी फलाटांच्या वाटेत गुलाबी यंत्रं लावलेली आहेत. गाडी बदलताना त्यावर कार्ड टेकवायचं. न टेकवणाऱ्याकडून काही वेळा पहिल्या झोनचं भाडं घेतलं जातं. गर्दीत धावताना त्या गुलाबी डब्याकडे कुणाचं लक्ष जाणार? नेहमीचे प्रवासी सवयीनं हात पुढे करतात आणि नवीन माणूस बाजूनं निघून जातो.

दुसरी गोष्ट कार्डाची. कॅप मोजली जाते ती एका कार्डावर. तेच बँक खातं, पण सकाळी प्लास्टिकचं कार्ड टेकवलं आणि संध्याकाळी फोन, तर यंत्राच्या लेखी ते दोन प्रवासी. दोघांचीही कॅप अर्धवट राहते. नवरा-बायकोनं एकाच कार्डावर जायचं म्हटलं तर तेही होत नाही, माणशी एक कार्ड हवं. आणि बँकेच्या कार्डावर आठवडा सोमवारीच सुरू होतो. पुण्याहून गुरुवारी उतरलेल्या आणि पुढच्या बुधवारी परतणाऱ्या पाहुण्याचे सात दिवस दोन आठवड्यांत विभागले जातात, आठवड्याची कॅप कुठल्याच आठवड्यात हाती लागत नाही. रोज भरपूर फिरणाऱ्या अशा पाहुण्यानं ऑयस्टरवर सात दिवसांचं ट्रॅव्हलकार्ड घेतलेलं बरं, कारण ते कोणत्याही दिवशी सुरू करता येतं. तिथला पास कुणासाठी, या प्रश्नाचं हे एक खरंखुरं उत्तर.

तिसरी गोष्ट वयाची. साठी ओलांडलेल्या लंडनच्या रहिवाशांना सकाळच्या गर्दीची वेळ सोडून मोफत प्रवासाची कार्डं मिळतात, पण मुलाकडे दोन-तीन महिने राहायला गेलेले आईवडील त्यांत बसत नाहीत. त्यांना चालतं ते ज्येष्ठांचं रेलकार्ड, देशभरच्या रेल्वेचं. साठ पूर्ण झाल्याचा पुरावा म्हणून पासपोर्ट दाखवला की पुरे, तिथलं रहिवासी असावं लागत नाही. मार्च २०२५ पासून त्याची वर्षाची किंमत ३५ पौंड आहे. ते स्टेशनातल्या कर्मचाऱ्याकडून ऑयस्टर कार्डाला जोडून घेतलं, की गर्दीची वेळ सोडून सगळ्या भाड्यांवर आणि दिवसाच्या कॅपवरही एक तृतीयांश सूट मिळते. पहिल्या-दुसऱ्या झोनमध्ये दिवसभर भटकणाऱ्याचे रोजचे सुमारे तीन पौंड वाचतात, म्हणजे बारा दिवसांत कार्ड फिटलं. एकदा ऑक्सफर्डला किंवा एडिंबरोला गाडीनं गेलात तर त्या तिकिटावरही तीच सूट आहे.

आता यातली ग्यानबाची मेख अशी, की ही सूट बँकेच्या कार्डाला जोडता येत नाही, फक्त ऑयस्टरला येते. लंडनला राहणाऱ्या एका ओळखीच्या मुलानं आईला मोठ्या प्रेमानं स्वतःचं दुसरं बँक कार्ड देऊन ठेवलं होतं. "आई, कुठेही जा, फक्त टेकवायचं. हिशेब आपोआप होतो." हिशेब आपोआप होत होता हे खरंच, पण पूर्ण दरानं. तिच्या वयाचं आणि रेलकार्डाचं त्या बँक कार्डाला काही कळत नव्हतं. ऑयस्टरच्या किमतीचे पैसे वाचावेत म्हणून केलेली सोय अडीच महिने महागात पडत राहिली.

विद्यार्थ्यांचंही असंच आहे. सोळा ते पंचवीस वयाचं रेलकार्ड ऑयस्टरला जोडलं की मिळते तीच एक तृतीयांश सूट. मास्टर्ससाठी दरवर्षी महाराष्ट्रातून जाणाऱ्या मुलामुलींना, कर्जाचा एकेक पौंड मोजून वापरणाऱ्यांना, फोनवर टॅप करण्याची सोय इतकी सहज वाटते की ऑयस्टर जुनाट वाटायला लागतं. अकरा ते पंधरा वयाच्या पाहुण्या मुलांसाठी निम्म्या भाड्याची सवलत आहे, पण तीही ऑयस्टरवर आणि स्टेशनात मागितल्यावर. स्लाऊला राहणाऱ्यांची गंमत उलटी. एलिझाबेथ मार्गावर ऑयस्टर वेस्ट ड्रेटनपर्यंतच चालतं, त्याच्या पश्चिमेला फक्त बँकेचं कार्ड.

हीथ्रोला उतरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. सप्टेंबर २०२२ पासून विमानतळ ते पहिला झोन या भुयारी प्रवासाला दिवसभर गर्दीचंच भाडं लागतं, रात्री दहालाही. तेच अंतर एलिझाबेथ मार्गानं गेलं तर गाडी वेगवान, पण भाडं दुपटीहून जास्त. दोन्ही गाड्या एकाच विमानतळाखालून सुटतात आणि दारावर सारखीच पिवळी यंत्रं असतात. नवख्याला फरक कळतो तो खात्यातून पैसे गेल्यावर.

गर्दीच्या दरात सूट देऊन लोकांना हलवता येतं का, याचाही प्रयोग लंडननं केला. ८ मार्च ते ३१ मे २०२४ या काळात शुक्रवारी दिवसभर कमी दर ठेवला. घरून काम करायची सवय लागल्यावर शुक्रवार ओस पडू लागले होते, ते भरावेत ही अपेक्षा होती. प्रवाशांच्या संख्येत म्हणावा तसा फरक पडला नाही आणि प्रयोग थांबला. पन्नास-साठ पेन्सांसाठी कुणी आपला कामाचा दिवस बदलत नाही.

मुंबईत झोन नाहीत. लोकलचं भाडं किलोमीटरच्या टप्प्यांवर आहे, मेट्रोचं तिच्या वेगळ्या टप्प्यांवर, बेस्टचं आणखी वेगळं. आणि लोकलचा पास इतका स्वस्त आहे की त्याला हात लावणं कुठल्याही सरकारला परवडत नाही. जून २०१४ मध्ये रेल्वेनं मासिक पास पंधराऐवजी तीस फेऱ्यांच्या हिशेबानं आकारायचं जाहीर केलं होतं. मुंबईत एवढा गदारोळ झाला की काही दिवसांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला आणि ऐंशी किलोमीटरपर्यंतच्या दुसऱ्या वर्गाच्या उपनगरी प्रवाशांना भाडेवाढीतूनही वगळलं गेलं. ते योग्यच झालं, असं माझं मत आहे. डोंबिवली, बदलापूर, विरारला घर घेणारा माणूस त्या पासाच्या भरवशावर घर घेतो.

पण आता मुंबईकराचा प्रवास एका पासात मावत नाही. डोंबिवलीहून लोकलनं घाटकोपर, तिथून मेट्रोनं अंधेरी, तिथून बेस्टनं कंपनीचं गेट. मे २०२५ मध्ये बेस्टचं किमान भाडं पाचावरून दहा रुपयांवर गेलं. लोकलचा पास महिन्याचा आणि स्वस्त. मेट्रोच्या सवलती तिच्या तिच्या, बसच्या बसच्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई वन हे अ‍ॅप आलं, त्यात अकरा वाहतूक सेवांची तिकिटं एका जागी काढता येतात. रांग वाचली, सुट्या पैशांची कटकट गेली, हे चांगलंच झालं. मात्र भाड्यांची बेरीज अजून सरळ बेरीजच आहे. लोकल अधिक मेट्रो अधिक बस, आणि संध्याकाळी तेच उलट्या क्रमानं. तिसऱ्या फेरीला २.९० ऐवजी २.५० कापणारी, चौथीला शून्य करणारी मर्यादा त्यात नाही. एक अ‍ॅप मिळालं, एक भाडं मिळालं नाही.

असं भाडं आणायला तंत्रज्ञान कमी पडेल असं वाटत नाही. अवघड आहे तो ब्रॉम्लीचा प्रश्न: तूट कुणी भरायची? लोकल केंद्राच्या रेल्वेची, मेट्रोचे मार्ग वेगवेगळ्या कंपन्यांचे, बेस्ट महापालिकेची. घाटकोपरला लोकलमधून उतरून मेट्रोत शिरणाऱ्या बाईची तिसरी फेरी स्वस्त करायची, तर ते दहा-वीस रुपये यांपैकी कुणाच्या खात्यातून जाणार? लंडनमध्ये या प्रश्नावर एक निवडणूक लढवली गेली, एक खटला हरला गेला, भाडी दुप्पट झाली, आणि तरी दीड वर्षात ट्रॅव्हलकार्ड आलं, कारण शहराच्या निवडून आलेल्या मंडळानं हा आपला विषय मानला. मुंबई महानगरात लोकल, मेट्रो आणि बस या तिन्हींचं भाडं एकत्र ठरवू शकेल आणि त्याची तूट स्वतःच्या अर्थसंकल्पात दाखवू शकेल अशी एकही निवडून आलेली संस्था आज नाही. अ‍ॅपमध्ये पुढची सोय कोणती हवी, हे विचारण्याआधी उमेदवारांना विचारायला हवं ते हे.